आत्ता निघायचं की सकाळी बघू?

घरात लहान मूल असो वा नसो, गावाकडचा रात्रीचा फोन शेवटी तुम्हालाच येतो. त्या फोनवर विचारायचे चार प्रश्न आणि त्यांच्या उत्तरांवरून घ्यायचा एकच निर्णय...

रविवार, रात्रीचे साडेदहा. उद्याच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन अर्धवट, टीव्हीवर मॅच शेवटच्या ओव्हर्समध्ये, आणि मोबाइल वाजतो. गावाकडून ताई. "अरे, सोन्या दुपारपासून नुसता पडून हाय. दूध बी घेईना गेलाय. आई म्हणायली, दात यायलेत, सकाळी बघू. तू काय म्हणतोस?"

आता तुम्ही काय म्हणणार?

तुम्ही डॉक्टर नाही. तुम्ही नांदेडच्या एखाद्या बँकेत लोन सेक्शनला आहात, लातूरच्या क्लासमध्ये अकाउंट्स बघता किंवा हिंजवडीत कुणाचं तरी सॉफ्टवेअर दुरुस्त करता. पण घरच्यांच्या लेखी तुम्ही 'शिकलेले'. गाडी तुमच्याकडे, पेमेंटचं ॲप तुमच्याकडे, चार ओळखी तुमच्या. त्यामुळे तुमच्या "हो, सकाळी बघा"ला किंवा "लगेच निघा"ला घरात भलतंच वजन असतं. आणि गंमत अशी की ज्या विषयात आपलं मत इतकं चालतं, त्या विषयाचं आपल्याला कुणी कधी पाच मिनिटांचंही ट्रेनिंग दिलेलं नसतं. ऑफिसमध्ये आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं हे माहीत असतं, पण आठ महिन्यांच्या भाच्याचा श्वास मिनिटाला किती असावा हे नाही.

ते शिकायला खरंच पाच मिनिटं पुरतात. पण त्याआधी ते शिकायचं कशासाठी, ते पाहू.

विष्णुपुरीचे ते ४८ तास

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. पुढे रविवार, सोमवारी गांधी जयंती. सगळ्यांचा लाँग वीकेंड. त्याच वीकेंडला नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले. त्यातली १२ नवजात बाळं होती. ४८ तास भरले तेव्हा आकडा ३१ झाला होता, आणि त्यात १६ लहान मुलं. नांदेडचं नाव देशभरच्या चॅनेलवर आलं. खासदारांनी अधिष्ठात्यांना टॉयलेट साफ करायला लावल्याचा व्हिडिओ आला. मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. नातेवाईक म्हणत होते, औषधं बाहेरून आणायला सांगितली. प्रशासन म्हणत होतं, औषधं आणि डॉक्टर कमी नव्हते, बाळं कमी दिवसांची आणि कमी वजनाची होती, आणि कित्येक पेशंट अगदी शेवटच्या क्षणी, दुरून, दुसऱ्या दवाखान्यांतून पाठवलेले आले होते.

सरकारी दवाखान्यात खाटा किती, नर्स किती, औषधखरेदी का अडकते, याचा जाब सरकारला विचारायलाच हवा. त्यात कुठल्या आई-बापाचा दोष नव्हता. पण त्या गदारोळात 'शेवटच्या क्षणी आले' हे वाक्य आरोप-प्रत्यारोपात वाहून गेलं. शेवटचा क्षण येण्याआधी बरेच क्षण गेलेले असतात. ते कुठे जातात?

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंसाठी याचं सोपं गणित मांडलं. उशीर तीन ठिकाणी होतो. पहिला, घरात निर्णय घ्यायला. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचायला. तिसरा, पोचल्यावर योग्य उपचार मिळायला. लहान मुलांनाही हेच गणित लागू पडतं. आपल्याकडे दुसरा उशीर नकाशावरच दिसतो. किनवट-माहूरकडून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब, उदगीरहून लातूर साठ-पासष्ट. तिसऱ्या उशिरावर आपण मत देऊ शकतो, तक्रार करू शकतो, बातमी लिहू शकतो. पण पहिला उशीर? तो सोफ्यावर बसून, फोनवर बोलता बोलता होतो. आणि तो कमी करायला ना बजेट लागतं, ना मंत्रालयाची फाइल.

गडचिरोलीच्या दाया आणि दहा श्वासांचा मणी

"अहो, पण आम्हाला काय कळणार त्यातलं?" असं वाटत असेल तर गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या गावांमध्ये बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे लागतो, निदान स्टेथोस्कोप तरी लागतोच, असा आपला समज. बंगांनी गावातल्या दायांना श्वास मोजायला शिकवलं. आता ज्यांना शंभरापर्यंत आकडेच येत नाहीत त्यांनी मोजायचं कसं? तर एक साधं साधन केलं. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी ठरलेल्या खुणेपलीकडे गेले की बाळाला न्यूमोनिया, औषध सुरू.

पुढे त्याच भागात गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं गेलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी चकरा मारतात, त्या योजनेमागे याच कामाची पुण्याई आहे.

सांगायचा मुद्दा, शाळेची पायरी न चढलेली दाई जे ओळखू शकली ते मोबाइलमध्ये स्टॉपवॉच घेऊन फिरणाऱ्या ग्रॅज्युएटला जमू नये? डॉक्टरसारखं आजाराचं नाव आपल्याला सांगायचं नाही. फक्त 'थांबायचं' की 'निघायचं' एवढंच ठरवायचं आहे.

फोनवरचे चार प्रश्न

ताईला "ताप किती आहे?" एवढंच विचारून थांबू नका. ताप १०३ असूनही पोरगं घरभर नाचत असेल तर त्याला वेळ आहे. ताप ९९ असून मान टाकून पडलं असेल तर वेळ नाही. म्हणून हे चार विचारा.

१. श्वास कसा चाललाय? कपडा वर कर आणि पूर्ण एक मिनिट मोज. बाळ शांत असताना, रडताना नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं असेल तर ४० किंवा जास्त श्वास म्हणजे डॉक्टर आजच, सकाळी नाही. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग खोल जातोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ-जीभ निळसर दिसताहेत? मग मोजतही बसू नका, निघा. ताईला मोजायला जमत नसेल तर व्हिडिओ कॉल करून मोबाइल बाळाच्या छातीसमोर धरायला सांगा आणि तुम्ही मोजा.

२. पितंय का? अंगावरचं दूध ओढत नाही, चमच्याने दिलेलं पाणीही गिळत नाही, किंवा जे देऊ ते सगळं ओकून टाकतंय? 'जेवत नाही' आणि 'पितच नाही' यात फार फरक आहे. आजारी मूल दोन दिवस पोळी खात नाही, चालतं. पितच नसेल तर थांबायचं नाही.

३. ओळख देतंय का? हाक मारली की बघतं का, उचललं की रडतं का? की हलवून हलवून उठवावं लागतंय, आणि उठलं तरी डोळे मिटतंय? 'शांत झोपलंय बिचारं' या वाक्याने कित्येक घरांना फसवलंय. आजारी मूल किरकिर करतं, ही त्यातल्या त्यात चांगली खूण. जे किरकिरही करत नाही, त्याची काळजी करा. झटका येऊन गेला असेल तर याच प्रश्नाखाली धरा आणि निघा.

४. लघवी कधी झाली? सहा-आठ तास नॅपी कोरडी, डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते? शरीरातलं पाणी संपत आलंय.

चारपैकी एकाचंही उत्तर वाईट आलं तर निर्णय झाला. निघायचं. बेरीज करत बसायची नाही.

आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नियम आणखी कडक. दूध ओढायचं सोडलं, अंग तापलं किंवा उलट पोटसुद्धा गार लागतंय, हालचाल मंदावली, यातलं काहीही एक. एवढ्या लहान बाळाला जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही, ते थंडही पडतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टर तेव्हाच.

जुलाब आणि टेट्रा पॅकवरची तीन अक्षरं

जुलाबात मूल जंतूंपेक्षा जास्त पाणी गेल्यामुळे जातं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी पिंपांतून द्यायला लावलं. ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. तेच आपलं ओआरएस.

एक लिटरचं पाकीट असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यातच पूर्ण घोळायचं. अर्धं पाकीट, अर्धा ग्लास, वरून साखर, असले प्रयोग नकोत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर साधारण अर्धा कप, मोठ्याला एक कप. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक १४ दिवस. अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

आणि मेडिकलमधून रंगीत, गोड टेट्रा पॅक 'तेच ते' म्हणून आणू नका. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी घातली. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढू शकतात. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का, तेवढं वाचा.

मेडिकलचा विषय निघालाच आहे तर खोकल्याचं औषधही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या कफ सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या कितींना तर नागपूरला आणलं होतं. तिथेही खूण तीच होती, प्रश्न क्रमांक चार. लघवी बंद. लहानग्यांना खोकल्याचं सिरप स्वतःच्या मनाने देऊच नका.

जिथे फोन करायलाही वेळ नसतो

घशात अडकलं तर. आपल्याकडे शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सुपारी, सीताफळाची बी. मूल जोरात खोकतंय, रडतंय तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर लगेच हात चालवा. एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ जोरदार थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाबा. पुन्हा थापा. एक वर्षाच्या वरचं असेल तर पाठीत ५ थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. बेशुद्ध पडलं तर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

झटका आला तर. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. चप्पल नाही, कांदाही नाही. तापातले बहुतेक झटके आपोआप थांबतात. पाच मिनिटांत थांबला नाही तर थांबेपर्यंत वाट न बघता निघा. पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही दाखवा.

विंचू-सापाचं असेल तर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून गेले आणि विंचवाने दगावणारी मुलं बघून तिथेच संशोधनाला लागले. ब्लडप्रेशरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर चालतं हे त्यांनी दाखवलं. ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यापर्यंत उतरलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ते औषध महाग नाही, पण वेळेत पोटात जायला हवं. म्हणून विंचू चावल्यावर मूल घामाने भिजलं, ओकायला लागलं, हातपाय गार पडले की मंत्र, लेप, काही नको, दवाखाना. साप चावला तर घट्ट दोरी बांधणं, ब्लेड मारणं, चोखणं बंद. हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा आणि सर्पदंशाची लस असलेलं हॉस्पिटल गाठायचं. मण्यारचा दंश तर दुखतही नाही. जमिनीवर झोपलेलं पोरगं पहाटे पोटात दुखतंय म्हणालं आणि पापण्या जड झाल्या, तर सापाचा विचार करा.

विष प्यायलं तर. फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवणं ही शेतावरची सर्रास सवय. उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली सोबत घ्या, डॉक्टरांना तीच सगळ्यात आधी लागते. या सुट्टीत गावी गेलात की माळ्यावरच्या बाटल्या एकदा बघून या.

निघताना

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. फोन लावताना गावाचं नाव, जवळची खूण आणि मुलाचं वय एवढं सांगा. पण गाडी लांब असेल आणि दारात जीप उभी असेल तर जीपने निघा, आणि वाटेत कुठे भेट होईल ते १०८ वाल्यांना विचारा. नवजात बाळ असेल तर आईच्या छातीशी, कपड्याच्या आत, कातडीला कातडी लावून न्या. तेवढ्याने ते गार पडत नाही. मूल शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर वाटेत अंगावरचं दूध, ओआरएस चालू ठेवा. दिलेल्या औषधांची पाकिटं आणि पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी बरोबर घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठे जायचं ते आधी ठरलेलं असू द्या. रात्री ऑक्सिजन आहे का, बालरोगतज्ज्ञ येतात का, लहान बाळांसाठी वॉर्मर आहे का? विष्णुपुरीला किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जावं लागलं तर वाटेत कुठल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी ऑक्सिजन, सलाइन मिळेल? हे प्रश्न रात्री दोनला विचारायचे नसतात, शनिवारी दुपारी चहा पिता पिता विचारायचे असतात. पहिल्या दवाखान्यात "आमच्याकडे होणार नाही" असं ऐकलं तर दोन गोष्टी मागा. लिहून दिलेली चिठ्ठी, आणि पुढच्या हॉस्पिटलला त्यांनीच केलेला फोन.

तर या वीकेंडचं होमवर्क. फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी हे चार प्रश्न टाका. श्वास, पिणं, ओळख, लघवी. श्वासाचे तीन आकडे, ६०, ५०, ४०, कागदावर लिहून ताईच्या फ्रीजवर लावून या. आईला व्हिडिओ कॉल लावायला शिकवा, आणि झोपलेल्या भाच्याचे श्वास एकदा तिच्याकडून मोजून घ्या. निरोगी असताना मोजून पाहिलं की आजारपणातला फरक लगेच कळतो. सासूबाईंचा अनुभव, शेजारच्या काकूंचा काढा, "आमच्या वेळी असंच व्हायचं" हे सगळं ऐका, कुणाला दुखवू नका. पण चार प्रश्नांपैकी एकाचं जरी उत्तर वाईट आलं, तर आवाज न चढवता एवढंच सांगा, "ताई, चप्पल घाल. निघायचंय."

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले "काही नाही, घरी न्या", तर पेट्रोल वाया गेलं म्हणून कुरकुर करू नका. कुठल्याही घराला परवडणारा हा सगळ्यात स्वस्त खर्च आहे.